माळ्यावरची मंडळी

माळ्यावर आवाज झाला की आधी घड्याळ बघावं. उजाडल्यावर किंवा दुपारचं ऊन कलताना, थांबत थांबत धावल्याचा हलका आवाज असेल तर खार. सूर्य मावळला की ती घरट्यात शिरते आणि सकाळपर्यंत हूं की चूं करत नाही. दिवे मालवल्यावर खुडबुड सुरू झाली तर उंदीर. रात्रीच, पण कुणी अनवाणी फिरतंय असं वाटण्याइतका पाय वाजला तर उदमांजर; जुन्या वाड्यांच्या माळ्यावर त्याचा मुक्काम काही नवा नाही. घोरल्यासारखा, फुसफुसल्यासारखा आवाज असेल तर गव्हाणी घुबडाची पिल्लं. आमच्या गल्लीत गेल्या पिढीपर्यंत या शेवटच्या आवाजाला सरळ भूत म्हणत.

निदान चुकलं की पुढचं सगळं चुकतं. उंदरासाठी आणलेलं औषध खारीच्या वाटेवर ठेवणारे लोक मी पाहिलेत.

*

आमचा वाडा नाशकात, रविवार कारंजापासून चालत पाच मिनिटांवर. खाली ओटी, चौक, माजघर. वर कडीपाटाचा मजला. त्यावर माळा आणि माळ्यावर मंगलोरी कौलं. अशा घरात खार येते कुठून असं विचारण्यात अर्थ नाही. न येता ती राहिली तरच नवल. भिंतीच्या माथ्यावर वासे टेकतात तिथं दर दोन वाशांच्या मध्ये एक खण मोकळा असतो. बांधताना तो विटांचे तुकडे आणि माती घालून बुजवलेला. पावसाळ्यामागून पावसाळे गेले की माती झडते आणि खण उघडा पडतो. कुठं कौल सरकलेलं, कुठं वळचणीची फळी कुजलेली, कुठं आढ्याजवळचा चुना सुटलेला. मोठं लिंबू जाईल एवढी फट खारीला पुरते.

मंगलोरी कौलाचं नाव झालं ते एकात एक अडकणारं आणि वजनाला हलकं म्हणून. बासल मिशननं १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढला आणि पुढं निम्म्या पश्चिम किनाऱ्यानं नळ्याची कौलं उतरवून ही चढवली. घाट चढून ती नाशकातही आली. कौलाच्या पोटाशी जी पन्हळ असते तिचं तोंड वळचणीला उघडं राहतं. चिमणी, पाल, गांधीलमाशी, खार, सगळ्यांचा राबता तिथून.

*

माळ्यावर काय असतं? तांब्याचे दोन हंडे, कल्हई गेलेली पातेली, पाळणा, आजीच्या रुखवतातला काचेच्या मण्यांचा मोर, आणि गाद्या. या गाद्या २००३ च्या सिंहस्थात येणाऱ्या पाहुण्यांसाठी भरून घेतलेल्या. २०१५ ला एकदा खाली आल्या, उन्हात टाकल्या, पाहुणे झोपून गेले. आता २०२७ साठी राखून ठेवल्यात, म्हणजे आईच्या हिशेबानं राखून. प्रत्यक्षात त्यांतला कापूस गेली काही वर्षं थोडा थोडा करून आढ्याखाली स्थलांतरित होतो आहे. बारा वर्षांत एकदा लागणारी वस्तू माळ्यावर ठेवायची आणि मधली अकरा वर्षं ती कुणी वापरू नये अशी अपेक्षा करायची, हे जरा जास्तच आहे.

*

हिवाळ्यात रिकामं झालेलं एक घरटं सुतारमामांनी खाली काढून दिलं. ओसरीवर जुनं धोतर पसरून ते सोडवत बसलो. बाहेरचा थर खरखरीत: पायपुसण्याचा काथ्या, खराट्याचे हीर, नायलॉनच्या सुतळीचे तुकडे, शेवग्याच्या वाळक्या काड्या. आत जावं तसं मऊ होत जातं. गोणपाटाचे धागे येतात, मग गादीचा पिवळा पडलेला कापूस, मग गोधडीच्या अस्तराच्या चिंध्या, दातांनी एकसारख्या कातरलेल्या. ‘गावकरी’च्या पानाची एक पट्टी होती, घडी घालून दाबलेली. राखीचा चमचमता दोरा होता. आणि अगदी मध्ये, पिल्लं असतात त्या वाटीत, आईच्या फुलवाती. तुपात न भिजलेल्या, कोऱ्या. देवघरातल्या डब्याचं झाकण नीट बसत नाही हे असं कळलं.

मला वाटलं, आई संतापेल. तिनं एक वात उचलून पाहिली आणि म्हणाली, “लेकुरवाळी आहे. लागतंच.” मग डबा बदलला.

*

नाशकात घराघरांत दिसते ती पाच पट्ट्यांची खार. वजन जेमतेम शंभरेक ग्रॅम, आणि शेपटी जवळपास अंगाएवढी. गर्भ साधारण सहा आठवड्यांचा. एका विणीत दोन ते चार पिल्लं, उघडी, गुलाबी, आंधळी. डोळे उघडायला तीनेक आठवडे जातात. स्वतःचं पोट स्वतः भरायला लागेपर्यंत दीड-दोन महिने धरावेत. नर या कशातच नसतो. तो पेरूवर बसून ओरडण्याचं काम करतो.

कुरतडणं ही तिची खोड नव्हे, गरज आहे. पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. झिजवले नाहीत तर तोंड मिटणार नाही. म्हणून लाकूड, वायर, प्लॅस्टिकचा पाइप, सोलर बंबाच्या नळीवरचं फोम, जे समोर येईल ते. त्यातलं बरंचसं ती खात नाही. खाली पडलेला चुरा बघितला की हे ध्यानात येतं.

*

वीण वर्षातून एकदाच नसते. उन्हाळ्याच्या तोंडाशी एक आणि पावसाळ्यात एक अशी ढोबळ धरावी. थंडीत जोर ओसरतो. इथंच आमच्याकडे दरवर्षी वाद होतो. आईला माळा घटस्थापनेच्या आधी झाडून हवा असतो. सगळ्या नाशकात तेव्हाच झाडलोट चालू असते, बोहारणी फिरत असतात, गोदावरीवर गोधड्या धुवायला जाणाऱ्यांची रांग लागलेली असते. आणि नेमकी तेव्हाच पावसाळ्यातली उशिराची वीण माळ्यावर असू शकते. त्या दिवसांत फट बुजवली तर खार बाहेर आणि पिल्लं आत. ती बाहेरून कौलं उचकटायचा प्रयत्न करते, दिवसभर ओरडते. पिल्लं आत भुकेनं मरतात, आणि मग आठ-दहा दिवस माळ्याखालच्या खोलीत बसवत नाही. भूतदया बाजूला ठेवली तरी निव्वळ वासाच्या हिशेबानं हा व्यवहार तोट्याचा आहे.

तेव्हा नवरात्राआधी माळ्याचा अर्धा भागच झाडायचा, आणि फटींचं काम दिवाळी झाल्यावर, संक्रांतीच्या आत. आई हे मान्य करते, पण दरवर्षी नव्यानं मान्य करावं लागतं.

*

घरटं चालू आहे की रिकामं हे ओळखायला वर चढायची गरज नाही. फटीत वर्तमानपत्राचा सैल बोळा खोचून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी बोळा खाली पडलेला दिसला तर येणं-जाणं चालू आहे. चांगलं ऊन असताना तीन-चार दिवस बोळा जागचा हलला नाही तर बहुतेक कुणी नाही. बोळा घट्ट मात्र बसवू नये. तो निरोप आहे, बूच नव्हे.

*

उपाय लोक भरपूर सांगतात. डांबराच्या गोळ्या: पहिले दोन दिवस वास येतो, तोही खारीपेक्षा आपल्यालाच जास्त, बंद खोलीत तो घेणं माणसालाही चांगलं नाही. मिरचीपूड: कौलांतून गळणारा पहिला पाऊस ती धुऊन नेतो, आणि उन्हाळ्यात वाऱ्यानं ती माजघरात उतरते. गुग्गुळाची धुरी: देवपूजा झाल्याचं समाधान. भिंतीत खोचायचं, माणसाला न ऐकू येणारा आवाज काढणारं यंत्र: आमच्या शेजाऱ्यांकडे आहे, खार त्याच्या वायरवरून चालते. चिकट पुठ्ठा: ज्यानं त्यावर अडकलेला जिवंत प्राणी एकदा पाहिला आहे तो पुन्हा विकत घेणार नाही. विष: मेलेली खार भिंतीच्या पोटात सडते किंवा घारीच्या आणि घुबडाच्या पोटात जाते.

पिंजरा लावून ‘लांब सोडून येऊ’ म्हणणारे बरेच. गंगापूर धरणाकडे नेऊन सोडलेल्या खारीला ती जागा परकी, तिथल्या झाडांवर दुसऱ्या खारी आधीच नांदत असतात. आणि इकडे वाड्यातली रिकामी फट महिनाभरात दुसरी खार धरते. फट तशीच ठेवून खार हलवणं म्हणजे घर भाड्यानं देणे अशी पाटी लावण्यासारखं आहे.

*

कायद्याचंही बघावं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत पाच पट्ट्यांच्या खारीचं नाव लिहिलेलं होतं. शिकारीच्या व्याख्येत मारणं तर येतंच, पकडणं आणि सापळा लावणंही येतं. उंदीर आणि कावळे त्या वेळी पाचव्या, म्हणजे उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होते. २०२२ च्या दुरुस्तीनं अनुसूच्यांची मांडणीच बदलली आणि ती पाचवी यादी गेली. पोपटासारखी खार पिंजऱ्यात घालून ओसरीवर टांगणारे अजून आहेत. पोपटही चालत नाही हे त्यांना सांगितलं तर हसतात.

*

वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे. लावला की पलीकडचा माणूस शांतपणे ऐकून घेतो. पण नाशकात वनखात्याच्या माणसांना श्वास घ्यायला फुरसत नाही. सिडकोत, गंगापूर रोडला, उसाच्या आणि द्राक्षाच्या पट्ट्यात बिबटे निघतात. त्या धामधुमीत ‘माळ्यावर खार आहे’ म्हणून सांगायला जीभ रेटत नाही. जखमी पिल्लू असेल तर मात्र बिनदिक्कत फोन करावा.

*

खरा उपाय म्हणजे सुतार, पत्रेवाला आणि थोडी जाळी. आमचे सुतारमामा या कामात मुरलेले. ते आधी काहीच करत नाहीत. सकाळी सातला चौकात खुर्ची टाकून चहा घेत वर बघत बसतात. कुठल्या वाशाजवळून पहिली शेपटी बाहेर आली, कुठल्या कौलाखाली परत गेली, हे पाहतात. येण्याजाण्याची फट बहुधा एकच असते. तिच्या कडेचं लाकूड अंगानं घासून तेलकट, काळपट झालेलं असतं. बाकीच्या फटींवर धूळ आणि कोळिष्टकं.

मग बाकीच्या सगळ्या फटी बंद. जाळी लोखंडी, जस्त चढवलेली, वेल्डेड, अर्ध्या इंचाच्या भोकांची. डासांची नायलॉनची जाळी म्हणजे तिला नाश्ता. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षट्कोनी जाळी फार मोठी. जाळी फटीच्या चारी बाजूंनी दोन-दोन इंच जास्त घ्यायची, कडा आत दुमडायच्या आणि वाशाला खिळ्यांऐवजी स्क्रू-वॉशरनं आवळायची, म्हणजे पुढच्या वर्षी कौलं चाळताना उघडता येते. जिथं भिंतीचा माथाच ढासळलेला असेल तिथं आत जाळी चेपून वरून सिमेंट-वाळूचा गिलावा. नुसता गिलावा ओला असतानाच उकरला जातो, आणि फोमची ती फुगणारी बाटली तर पैसे वाया.

शेवटी राहते ती चालू फट. पिल्लं नाहीत याची खात्री झाली की मामा तिच्यावर बाहेरून सायकलच्या जुन्या टायरची एक जाड पट्टी वरच्या बाजूनं ठोकतात, खालची बाजू मोकळी. आतून ढकललं की पट्टी उचलली जाते आणि खार बाहेर पडते. बाहेरून ओढायला तिला काही सापडत नाही, कारण पट्टी फटीपेक्षा रुंद असते आणि आपोआप मिटते. आठवडाभर ठेवायची, मधल्या दिवसांत बोळ्याची परीक्षा आतल्या बाजूनं घ्यायची, आणि मग पट्टी काढून तिथंही जाळी. या सगळ्यात खारीला हातही लागत नाही. मामांना मी विचारलं, हे कुठं शिकलात? म्हणाले, “उंदराच्या पिंजऱ्याचं दार उलटं लावलं की झालं.”

*

मावसबहीण न्यू जर्सीत एडिसनला राहते. तिच्या पोटमाळ्यावर करड्या खारी शिरल्या तेव्हा तिनं व्हिडिओ पाठवला. ती खार आपल्या खारीच्या चार-पाचपट, अर्ध्या किलोची. छताच्या आत थंडीसाठी भरलेला गुलाबी काचतंतूंचा कापूस तिनं एका कोपऱ्यात ओढून गादी केली होती. परवानाधारक माणूस आला, शिडीवर चढला, आणि त्यानं एका फटीवर स्प्रिंगचं एकतर्फी दार बसवलं, बाकीच्या फटींना जाळी. म्हणजे मामांचीच पट्टी, फक्त स्टेनलेस स्टीलची. त्याचं बिल ऐकून मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “व्हिसाला काय काय लागतं?”

ही करडी खार इंग्लंडात १८७६ च्या सुमारास हौसेनं नेऊन सोडली. तिच्यामुळं तिथली मूळची तांबडी खार बहुतेक भागांतून मागे हटली. आपलीही एक कहाणी आहे. आपली पाच पट्ट्यांचीच खार १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थच्या प्राणिसंग्रहालयातून बाहेर पडली आणि आजूबाजूच्या बागांत स्थिरावली. आता तिथले लोक तिच्याविषयी बोलतात ते आपण गाजरगवताविषयी बोलतो तसं.

*

वायर. हे टिपण हसत लिहिता येत नाही. जुन्या वाड्यांतली विजेची तार लाकडी पट्टीवर किंवा प्लॅस्टिकच्या केसिंगमधून वाशांना धरून फिरवलेली असते. खारीनं वरचं आवरण सोललं की आतलं तांबं उघडं, बाजूला शंभर वर्षांचं सागवान आणि त्याखाली कापसाच्या गाद्या. माळ्यावरची तार लोखंडी पाइपातून घ्यावी आणि मेन स्विचपाशी गळती ओळखून वीज तोडणारं यंत्र बसवावं. त्याला लोक अजून ‘ईएलसीबी’ म्हणतात. इलेक्ट्रिशियनला तेवढं सांगितलं की पुरे.

खारीची ताकद कमी समजू नये. ९ डिसेंबर १९८७ रोजी अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या ट्रंबुल गावी एका खारीनं विजेच्या यंत्रणेत तोंड घातलं आणि नॅस्डॅकचे व्यवहार तासाभराहून जास्त ठप्प झाले. १९९४ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा तेच, खार अर्थात दुसरी. पहिली जिवंत असणं शक्य नव्हतं.

*

पंचवटीत सीतागुंफेजवळचे वड नंबर लावून ठेवलेत, एक ते पाच. त्यांवरच्या खारी फुटाणे-साखरफुटाण्यांवर पोसलेल्या, धीट. यात्रेकरूच्या पिशवीत डोकं घालतात. गाईड त्यांच्या पाठीकडे बोट करून सांगतो, ही रामाची बोटं. सेतू बांधताना खारीनं वाळू वाहिली, रामानं पाठीवरून हात फिरवला, पट्टे उमटले. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, पण वाल्मीकींनी ती लिहिलेली नाही. ती दक्षिणेची: तोंडरडिप्पोडी आळवारांच्या तमिळ ‘तिरुमालै’त सेतूवरच्या खारी येतात, तेलुगू रंगनाथ रामायणात ही कथा येते. राम पंचवटीत होता तेव्हा सेतूचा विचारही कुणाच्या डोक्यात नव्हता. हे गाईडला सांगायचं नसतं.

शिवाय तीन बोटांचे पट्टे तीन. दक्षिणेकडे, दमट मुलखात तीन पट्ट्यांचीच खार असते, तिथं हिशेब बरोबर जुळतो. नाशिकच्या खारीला पाठीवर ठळक तीन आणि कुशीला एकेक फिकट, असे पाच. इथं पूर्ण पंजा फिरवला असं म्हणावं लागेल.

*

तीन पट्टेवाली आणि पाच पट्टेवाली या दोन वेगळ्या जाती आहेत. आपल्या पाच पट्टेवालीचं शास्त्रीय वर्णन रॉटन नावाच्या साहेबानं १९०५ मध्ये केलं. मुंबई इलाख्यात वनखात्यात नोकरी केलेला हा माणूस. नमुना सुरत जिल्ह्यातल्या मांडवीचा, म्हणजे आमच्या पेठ-सुरगाण्याच्या डोंगरांपलीकडचा. नाव मात्र पेनंट या वेल्श निसर्गअभ्यासकाचं. पुढं बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीनं १९११ मध्ये सस्तन प्राण्यांचं मोठं सर्वेक्षण हाती घेतलं तेव्हा सुरुवात शेजारच्या खानदेशातून झाली, आणि १९१२ चा पहिला अहवालही याच रॉटननं लिहिला. ज्या खारीला आपण रोज हाकलतो, तिच्या कातड्याचे नमुने पेट्यांत भरून लंडनला जात.

*

पिल्लू खाली पडलं तर. ऊब आधी, खाणं नंतर. सुती कापडात गुंडाळून लहान टोपलीत ठेवावं आणि टोपली घरट्याखालच्या खांबाला, मांजराच्या उडीच्या वर बांधावी. मग तिथून निघून जावं. आपण उभं राहून बघत बसलो की आई येत नाही. बहुतेक वेळा ती येते, पिल्लाला पोटाच्या कातडीला धरून तोंडात उचलते आणि नेते. तिची पर्यायी घरटी असतात. गाईचं दूध चमच्यानं पाजू नये, त्यानं पिल्लं मरतात. अंधार पडेपर्यंत आई आली नाही तर १९२६, किंवा शहरात प्राणिमित्रांच्या संस्था आहेत त्या.

उघड्या हातानं मोठी खार धरायला जाऊ नये. चावते, आणि दात थेट नखातून जातो. खारीमुळे रेबीज होणं अत्यंत दुर्मीळ आहे. तरीही जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली भरपूर धुवावी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनासाठी तरी डॉक्टरांकडे जावं.

*

छपरावर आलेली फांदी हा तिचा जिना. खार चार-पाच हात सहज झेपावते. परसातल्या शेवग्याची फांदी छाटली तर निम्मं काम होतं. झाड तोडायचं मनात आलं तर १९७५ चा झाडांचा कायदा आहे, महापालिकेची परवानगी लागते. ही परवानगी घरमालकाला घ्यावी लागते; आणि सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं काढायची म्हटल्यावर काय झालं, ते २०२५ च्या शेवटी सगळ्या नाशिकनं पाहिलं. तिथल्या खारींची मोजणी कुणी केली नसेल.

*

सटाण्याकडचे डाळिंबवाले खारीचं नाव निघालं की वेगळ्याच आवाजात बोलतात. पिकत आलेल्या फळाला एक भोक, दोन दाणे खाल्ले की पुढचं फळ. आणि ठिबकच्या नळ्या. मे महिन्यात नळीत पाणी खळखळल्याचा आवाज खारीला ऐकू जातो की वास येतो, कोण जाणे, पण ती नेमकी नळी कुरतडते. ओळखीतल्या एका शेतकऱ्यानं औषधाची फवारणी केली, जाळ्या लावल्या, शेवटी बांधावर दर काही झाडांमागे मातीची परळं पाण्यानं भरून ठेवायला लागला. नळ्या फुटणं पुष्कळ कमी झालं. त्याची बायको आधीपासून हेच सांगत होती.

*

फ्लॅटमध्ये माळा नाही म्हणून खार नाही असं समजू नये. एसीच्या बाहेरच्या यंत्रामागची जागा, नळी बाहेर काढायला भिंतीत पाडलेलं आणि अर्धवट बुजवलेलं भोक, गीझरचा वरचा भाग, बाल्कनीतल्या कुंडीचा काथ्या. कॉलेज रोडच्या सहाव्या मजल्यावर एका घरात वॉशिंग मशीनच्या पाठीमागं वीण झाली. घरातल्या आजी खूश. त्या वाड्यातून आलेल्या.

*

आता आमच्या अडलेल्या कामाविषयी. सगळ्या फटी झाल्या, एक राहिली. ती आढ्याच्या बरोबर त्या ठिकाणी आहे जिथं वाटणीची रेघ जाते: अलीकडे आमचा हिस्सा, पलीकडे चुलतकाकांचा. सिटी सर्व्हेच्या नकाशात जमीन वाटलेली आहे, भिंती वाटलेल्या आहेत, कौलांखालची फट कुणाची ते लिहिलेलं नाही. खार काकांच्या बाजूनं आत शिरते आणि आमच्या गादीतला कापूस नेते. काकांचं म्हणणं, नुकसान तुमचं, तर खर्चही तुमचा. आईचं म्हणणं, दार त्यांचं, तर कडी त्यांनी लावावी. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका दरवर्षी धोकादायक वाड्यांना नोटिसा चिकटवते. तेवढं एक दोन्ही दारांवर न भांडता लागतं.

परवा काका स्वतः चौकात आले. मामा जाळी कापत बसले होते. काकांनी वर पाहिलं, जाळी हातात घेऊन भोकं तपासली आणि म्हणाले, “लावा, माझी काही हरकत नाही. पण स्क्रू सगळे तुमच्या वाशाला मारा. आमच्या वाशाला भोक पडता कामा नये.”

मामांनी विचारलं, “आणि त्या बाजूनं जाळी लोंबत राहील, तिचं काय?”

काका म्हणाले, “बघू, दिवाळीनंतर.”